लेकीची मान आणि दक्षिण दिशा

आमच्या खानदानात पदवी मिळवलेलं डोकं एकच होतं, ते माझं. आणि लेकीचं डोकं एका बाजूनं चपटं झालंय, हे त्याच डोक्याच्या सगळ्यात आधी ध्यानात आलं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत मला कारकुनी मिळाली होती आणि भाड्याच्या एका अरुंद खोलीत बायको, माय आणि रिकाम्या घागरी असा आमचा संसार होता. पाऊस न्हाईच, त्यामुळं सगळी गल्ली टँकरच्या वाटेकडं डोळे लावून. शांता मुखेडहून, माहेरून, तान्ह्या लेकीला घेऊन आली. लेकीला पुसताना डोक्याची उजवी बाजू हाताला पाटासारखी लागली. आत मेंदू दबला असंल तर?

"माय, हिचं डोकं चपटं झालंय."

"मग काय झालं? तेल लावून वळते की. लाडू वळल्यागत गोल होतंय."

लाडू! लेकीला उचललं आणि दवाखान्याकडं पळत सुटलो. (एक चप्पल पायात होती, दुसरी शांता मागून घेऊन आली.)

डॉक्टरीणबाईंनी डोकं बोटांनी अलगद चाचपलं. "ही कायम उजवीकडंच बघते का?"

"हाव."

"तिकडं काय आहे?"

"दार हाय. टँकर, बाया, भांडणं, सगळं तिकडंच."

"मेंदूला काही झालेलं नाही. मान एका बाजूला आखडलीय. कवटी कुणी दाबायची नाही."

बाईंनी एक तळवा लेकीच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं मान इतकी हळू डावीकडं वळवली की रेडिओचं बटणसुद्धा कुणी तसं फिरवत नसंल.

"श्वास घ्या," बाई म्हणाल्या. लेक आरामात घेत होती. बाई मला सांगत होत्या.

"रोज असं करा. आणि डोकं आहे तिथं पाय करून निजवा. म्हणजे दार डाव्या हाताला येईल आणि ती आपोआप वळेल."

एवढं सोपं! घरी येऊन लेकीला उलटं निजवलं, तर माय आडवी आली.

"दक्षिणेकडं पाय? यमाच्या दिशेला? लेकराचे?"

"माय, मी बी. ए. हाय."

"मग यमाला सांग तसं."

खरं सांगायचं तर माझीही छाती होईना. डोकं चपटं राहिलं तरी लेक राहील, असा हिशेब मनात आला आणि मी गुमान तिला पुन्हा होती तशी निजवली. लेक फिरत न्हाई म्हटल्यावर घर फिरवलं. तिच्या डाव्या हाताच्या भिंतीपासून बाज ओढली आणि घागरी, स्टो, बघायला येणाऱ्या बाया, सगळं मधल्या बोळकांडीत कोंबलं. तिथं बसून, मान वाकडी करून मी खुळखुळा वाजवला, शेळीसारखा ओरडलो, एस. टी.चा आवाज काढून दाखवला. लेक शांतपणे दाराकडं बघत राहिली. व्यायाम शांताच करायची. मी नुसता डोकं चाचपून बघायचो, आणि दर खेपेला ते आधीपेक्षा जास्तच चपटं लागायचं.

एका सकाळी त्या बोळकांडीतच उठलो तर माझीच मान उजवीकडं अडकलेली. माय तेलाची वाटी घेऊन आली. लेकराच्या डोक्याला हात लावू देत न्हाईत, तो सगळा राग तिच्या बोटांत साठला होता.

"हळू, माय. बाईंनी हळू सांगितलंय."

"ते लेकराला सांगितलंय."

तिनं मान ओढली. मी असा ओरडलो की टँकरपाशी भांडणाऱ्या बाया गप झाल्या. आणि लेकीनं आपल्या आपण, हळूहळू, डावीकडं मान वळवून बापाकडं बघितलं. हसलीसुद्धा.

शांताचे डोळे भरून आले. पदरानं ते पुसत ती म्हणाली, "आत्याबाई, अजून एकदा ओढा."

महिने गेले, डोकं गोल होत आलं. बाईंनी विचारलं, "घरी काय काय केलंत?" मी पदवीधराला शोभेल असं उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात शांता म्हणाली, "तुम्ही दाखवलं तसं लेकराला केलं. आणि आत्याबाईंनी केलं ते ह्यांना."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघू शकलो न्हाई. त्या माझ्या डाव्या बाजूला बसल्या होत्या.