पानाड्याची जीभ

ओंजळीत पाणी घ्यायचं, डोळे मिटायचे, घोट तोंडात घोळवायचा आणि गिळून टाकायचा. थुंकायचं नाही. मग मिशीवरनं पालथा हात फिरवून म्हणायचं, "जिभंला इचारलं, बाई. आता तुमच्या मशीनला इचारा."

आबा पानाडे होते. तुम्ही आमच्या केज-नेकनूरच्या बाजूला राहिला असाल तर असा एखादा माणूस पाहिला असेलच. तळहातावर आडवा नारळ ठेवून रानातनं चालत जायचं, आणि नारळ जिथं उभा राहील तिथं बोअर घ्यायचा. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत जन्म घालवलेली बाई, माझा त्या नारळावर काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. एकदा मी त्यांना तोंडावर तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "नारळ लोकायसाठी हाय, बाई. मी गवत बघतो, वारूळ बघतो, दगड बघतो. पर नुस्तं बघून सांगितलं तर कोण मानतंय?" त्या दिवसापासून आमचं जमलं.

नव्या बोअरला पाणी लागलं की पहिला तांब्या पानाड्यानं प्यायचा, मग मालकानं, ही त्यांच्याकडची रीत. पाणी बाधलं तर ते दाखवणाऱ्याला आधी बाधावं, एवढाच तिचा अर्थ. तो तांब्या पिऊन झाला की आबा एक बाटली भरून घेत आणि एसटीनं माझ्याकडे येत. पहिल्या वेळी ते सरबताच्या बाटलीतनं पाणी घेऊन आले. मी त्यांना असं काही झापलं, की पुढं ते बाटली उकळून, टोपणाला फडकं गुंडाळून आणायला लागले. मी तपासायच्या आधी आबा स्वतःचा निकाल सांगायचे. "ह्यात खार हाय. डाळ शिजायची न्हाई." नाहीतर, "हे जड हाय, पोटाला बसंल." हरेल त्यानं चहा पाजायचा. खरं सांगते, दहातले आठ चहा मीच पाजले.

त्यांच्या वस्तीवर पंचवीस-तीस घरं. उन्हाळ्यात टँकर यायचा, तोही मर्जी असेल तेव्हा. गावोगाव पाणी दाखवत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या वस्तीला पाणी नव्हतं, आणि त्यावरनं लोक त्यांची टर उडवायचे. शेवटी एका दुष्काळी वर्षी त्यांनी ओढ्याच्या काठी जागा दाखवली आणि फार खोल जायच्या आत पाणी लागलं. हापसा बसला. आबा बाटली घेऊन आले तेव्हा खुर्चीवर बसेनात.

"गुळावाणी हाय, बाई. जलमात असलं पाणी चाखलं न्हाई."

मी तपासलं. क्षार कमी, फ्लोराईड नाही, जंतू नाहीत. मी कागदावर 'पिण्यास योग्य' असं लिहिलं आणि खाली सही केली. तो चहा मी फार आनंदानं पाजला.

आता त्या ओढ्याचं सांगायला हवं. वरच्या अंगाला, त्याच ओढ्याच्या काठी, पूर्वी एक पत्र्याची शेड होती. बाहेरगावच्या कुणीतरी जागा भाड्यानं घेऊन तिथं जुन्या बॅटऱ्या फोडायचा धंदा काढला होता. आतलं शिसं भट्टीत वितळवायचं, तेजाब ओढ्यात सोडून द्यायचं. काही वर्षांनी तो पत्रे उचलून निघून गेला आणि काळी राख तिथंच मातीआड ढकलून गेला. मागं उरलेली बॅटऱ्यांची रिकामी खोकी वस्तीवरच्या बायकांनी आणली, खळखळून धुतली आणि कुणी त्यात तुळस लावली, कुणी कोंबड्यांना पाणी ठेवलं. चांगली मजबूत खोकी, टाकून कशाला द्यायची?

हे सगळं आबांना माहीत होतं. पण शेड बंद होऊन वर्षं लोटली होती, वरनं पावसाळे गेले होते, आणि शिसं जिभेला कळत नाही. माझ्या यंत्रांनाही कळत नव्हतं. ते मोजायचं यंत्रच आमच्याकडे नव्हतं आणि नेहमीच्या तपासणीत ते मोजतही नसत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण ही झाली सबब. 'शेजारी कसला कारखाना-बिरखाना होता का हो, आबा?' एवढं विचारायला कुठलंही यंत्र लागत नाही. मी विचारलं नाही.

हापशाचं सांडपाणी आबांच्या घरामागं जायचं. तिथं त्यांनी मेथी-कोथिंबिरीचे वाफे केले. येताना माझ्यासाठी जुडी आणायचे. मी ती घरी नेऊन आवडीनं खाल्ली. नेकनूरच्या बाजारात वस्तीवरची मेथी हातोहात जायची.

आबांबरोबर कधीकधी त्यांची नात यायची, कोमल. तिचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचे, आणि पोरगी तोवर आजा-आजीजवळ. आबांनी सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं सांगून ठेवलं होतं, "माझी नात कोयता धरायची न्हाई. ह्या बाईवाणी बाटल्या तपासंल." ती माझ्या टेबलाशी उभी राहून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायची. सतराचा पाढा न अडखळता म्हणायची, मला सुद्धा येत नाही.

हापशाचं पाणी प्यायला लागल्यावर दोनेक वर्षांत तीच पोरगी बाराच्या पाढ्यात अडकायला लागली. पोट दुखतं म्हणून शाळेतनं घरी यायची. रंग पिवळट पडला. कुणी जंताचं औषध दिलं, कुणी रक्तवाढीच्या गोळ्या, आजीनं दृष्ट काढली. शेवटी मीच त्यांना बीडला एका ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पोरीच्या हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता? रक्तात शिसं निघालं.

मी हापशाचं पाणी, मेथीची जुडी आणि वाफ्यातली मूठभर माती मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवली. अहवाल यायला तीन महिने लागले. पाण्यात शिसं, मेथीत शिसं, मातीत तर विचारू नका. मी अहवाल आणि लाल रंगाचा डबा घेऊन वस्तीवर गेले. पाणी पिण्याजोगं नसलं की हापशाला लाल रंग देतात.

आबा ओट्यावर बसून होते. मी सगळं वाचून दाखवलं.

"उकळून पेलं तर?"

"नाही, आबा. उकळलं तर उलट घट्ट होतं."

"तुरटी फिरवली तर?"

"नाही."

"मंग अंगातनं जातं कवा?"

"थोडं जातं. बाकीचं हाडात बसतं. पोरांच्या जास्त."

"आन तुमी तवा सही कावून केली?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना.

मी म्हटलं, "मला ठाऊक नव्हतं, आबा. चुकलं माझं."

"मला बी ठाव नव्हतं," ते म्हणाले. मग माझ्या हातातला ब्रश घेऊन त्यांनीच हापशाला लाल रंग फासला.

त्याच संध्याकाळी त्यांनी मेथी मुळासकट उपटली. ढीग झाला आणि मग त्यांना कळेना की तो टाकायचा कुठं. शेळीला घालायची सोय नाही. उकिरड्यावर टाकली तर खत होऊन परत रानात. जाळली तर धूर घरात. ओढ्यात टाकली तर खालची वस्ती. मला विचारत होते. आयुष्यभर पाण्याचे अहवाल लिहिले, पण एवढ्या मेथीचं काय करावं ते मला माहीत नव्हतं. मी निघाले तेव्हा ते त्या ढिगाशेजारी बसलेले होते.

काही दिवस टँकर आला, मग बंद झाला. अर्ज झाले, मीही केले. पाहणीला माणसं आली, त्यांनी हापशाचे फोटो काढले. मग बायका पुन्हा हापशावर यायला लागल्या. आबा हापशापाशी खाट टाकून बसायचे आणि त्यांना अडवायचे. धुण्याला न्या म्हणायचे, प्यायला नेऊ नका. एक सून फटकन म्हणाली, "आबा, दावलं बी तुमीच आन आडवता बी तुमीच. मग दुसरं दावा की." तिचं काय चुकलं? तिला दोन मैलांवरनं हंडा आणायचा होता आणि कडेवर लेकरू होतं.

मग आबांनी दुसरं पाणी शोधायला घेतलं. ओढा सोडून वर माळाकडं. सगळा उन्हाळा फिरले. दोन जागा दाखवल्या, दोन्हीकडे बोअर घेतला, दोन्हीतनं नुसता फुफाटा उडाला. दुसऱ्या खेपेला मी तिथं होते. पांढरी धूळ सगळ्यांच्या अंगावर बसली आणि लोक पांगले. त्यानंतर त्यांना कुणी पाणी बघायला बोलावलं नाही. मनगटंही लुळी पडत चालली होती, तळहात सरळ राहायचा नाही. तरी सायकलला कॅन बांधून कोमलपुरतं पाणी ते लांबनं आणायचे. स्वतः मात्र हापशाचंच प्यायचे. मी भांडले. म्हणाले, "माझी हाडं आता भरली, बाई. तिची राहू द्या." मला तेव्हा त्यांचा इतका राग आला, की मी चहा न घेता निघून आले.

पुढं त्यांना सायकल चालवता येईना. त्या दसऱ्याला आबा माझ्याकडे आले ते शेवटचे. हातात बाटली नव्हती.

"कोमलला तोडीला धाडतो," ते म्हणाले.

"शाळा, आबा?"

"शाळा न्हाई. पर तिकडं पाणी तरी दुसरं हाय. सहा म्हैने तरी हे पाणी पोटात जायचं न्हाई. आन पुढं बी तिकडंच ठिवा म्हणलंय पोराला, कुणाजवळ बी." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी तिला कोयता दिला, बाई. माझ्या हातानं दिला."

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, की पाणी बदललं तर पोर थोडी सुधारेल. ते ऐकून त्यांना बरं वाटलं असावं. एसटी येईपर्यंत बसले आणि गेले.

थंडीत आबा गेले. गावच्या डॉक्टरांनी कारण 'वय' असं लिहिलं. मी तेरवीला गेले. तेरवीच्या स्वयंपाकाला टँकर सांगितला होता, तो आला नव्हता. चुलीवर मोठी पातेली चढली होती आणि हापशावर पोरं हंडे भरत होती. लाल रंग कधीचाच घासला गेला होता.

बायकांच्या पंगतीत मला बसवलं. पाणी वाढायला कोमल आली. मुकादमाची परवानगी काढून सगळेच तोडीवरनं आले होते. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता, अंगही भरलं होतं. तीन महिन्यांत एवढा फरक. मी विचारलं, "परत कधी जायचं गं?"

"आता न्हाई जायचं, बाई," ती म्हणाली. "आजी एकटीच हाय ना. मी हितंच ऱ्हानार. सोमवारपासून शाळेत बी जायचं." आबा गेल्याचं दुःख होतं तिला, पण शाळेचं नाव घेताना ती हसली. फार दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

सकाळपासनं वाढून वाढून तिला तहान लागली होती. माझा पेला भरल्यावर तांब्यातलं उरलेलं पाणी तिनं तिथंच उभ्या उभ्या पिऊन टाकलं. मी हात पुढं केला होता तिला अडवायला. पण अडवून दुसरं कुठलं पाणी देणार होते मी तिला? मी हात मागं घेतला आणि माझा पेला उचलला.