चन्नबसम्माचं नाव

"हात नुसता टेकवा, अप्पा. दाबू नका."

शिवलिंगअप्पांनी उजवा हात माऊसवर ठेवला आणि पडद्यावरचा बाण भेदरून पार कोपऱ्यात गेला.

"ह्ये माझ्या आधीच पळायलंय," अप्पा म्हणाले.

"तुमच्याच हातामागं पळायलंय, अप्पा."

महानंदानं हे सहज म्हटलं, आणि म्हटल्यावर तिला ते गिळून टाकावंसं वाटलं. कारण ती ताडकळसची. तिथल्या किराणा दुकानांच्या, शाळेच्या, पिठाच्या गिरणीच्या पाट्या अप्पांच्या याच हातानं रंगवलेल्या. पाटीवर ओणवून रेघ ओढताना अप्पा श्वाससुद्धा रेघेच्या टोकाला पोचल्यावर सोडत. आता त्यांच्या त्या हातात चहाची बशी खुळखुळायची. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि वय विचारलं होतं, बाकी काही सांगितलं नव्हतं.

अप्पांची बायको चन्नबसम्मा हिला जाऊन वर्ष होत आलं होतं. माती दिलेल्या जागी वर्षाच्या दिवशी दगड बसवायचा, त्यावर नाव कोरायचं, असं घरात ठरलं. पाथरवट म्हणाला, कागदावर अक्षरं काढून द्या, तशीच्या तशी कोरतो. मुलगा चंद्रप्पा म्हणाला, छापून आणतो. अप्पा म्हणाले, "न्हाई. मी काढणार."

त्याला कारण होतं. एकदा बाजारात, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चालता चालता चन्नबसम्मा बोलली होती, "समद्या जगाची नावं लिहिलीत. आमचं कुठं लिहिल्यालं दिसंना."

"दुकान काढ, लिहितो," अप्पा म्हणाले होते.

"मी कशाचं दुकान काढू? सासूच्या टोमण्यांचं?"

दोघं हसले होते. गोष्ट तिथंच संपली होती.

अप्पांनी घरी ब्रश धरून पाहिला. 'च'चं पोट काढताना करवतीचे दात उमटले. तेव्हा कुणीतरी सांगितलं की सिताराम खोब्यांची महानंदा परभणीला डीटीपी सेंटरात कंप्यूटरवर लग्नपत्रिका करते. तिच्याकडे चुकलेली रेघ पुसता येते. ते त्र्याण्णव साल. अप्पांनी पहिली एस्टी धरली.

महानंदानं माऊसची चाल समजावून सांगितली. हात सावकाश हलला तर बाण सावकाश जातो. हात झटकन हलला की बाण दुपटीनं, चौपटीनं उडी घेतो, म्हणजे पडदा लवकर ओलांडता येतो. अप्पांचा हात तर सारखाच झटके देत होता. यंत्राला वाटायचं, माणूस घाईत आहे.

"मला कसली घाई आलीय," अप्पा म्हणाले.

ही चाल बदलता येत होती. कोणत्या वेगाला बाणानं किती पळायचं ते आकडे एका फाईलीत लिहून द्यायचे. महानंदानं आकडे खाली आणले. "आता काढा."

अप्पांनी दात आवळले, बोटं पांढरी होईपर्यंत माऊस धरला. बाण शहाण्यासारखा चालला. तिनं तेच आकडे कायम केले. दुसऱ्या दिवशी अप्पांचा आवळलेला हात सैल पडला आणि बाण पुन्हा पिसाळला.

"काल तुमी मला खोटा हात दाखवला का, अप्पा?"

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. "पोरीसमोर लाज वाटती बाई."

मग तिनं झटक्याची उडी साफ काढून टाकली. हात वीतभर गेला तर बाण बोटभर जाईल, एवढी चाल मंद केली. टेबल पुरेना. तिनं कंप्यूटरचा डबा खाली घेतला, जमिनीवर प्लायवुड टाकलं. अप्पा मांडी घालून बसले आणि भिंतीवर काढायचे तसं खांद्यातून हात फिरवू लागले. एवढ्या मोठ्या फेऱ्यात थरथर बारीक झाली, पडद्यावर जवळजवळ दिसेना.

सवय मात्र सुटेना. रेघ संपली की ते माऊस उचलायचे. दुसरीकडं टेकवला की बाण जुन्याच जागी उभा असायचा.

"उचलू नका ना."

"उचलला न्हाई तर रंग वघळतो."

"ह्यात रंग न्हाई, अप्पा."

"मंग काय लिहायलोय मी?"

तरी 'च' झाला. त्यांचाच 'च', पोटात भरलेला, शेपटीला निमुळता. 'न्न'ला पूर्ण एक दिवस गेला. त्यानंतर खांदा धरला. 'ब'ची गाठ घ्यायला हात वर जाईना.

महानंदानं डाव्या हाताकडं पाहिलं. तो स्थिर होता. रोज सकाळी त्याच तळव्यावर इष्टलिंग ठेवून अप्पा पूजेला बसत.

"डाव्यानं काढा."

"त्यावर लिंग घेतो मी. त्यानं कदी धंदा केला न्हाई."

"ह्यो धंदा हाय का, अप्पा?"

अप्पा उठले. मग बाहेर नळावर जाऊन त्यांनी डावा हात धुतला, धोतराला पुसला आणि माऊसवर ठेवला. बाण जरासुद्धा हलला नाही. अप्पांनी 'ब' काढला. थरथर नव्हती, पण तो पाटीवर गिरवणाऱ्या पोराचा 'ब' होता. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा त्यांनी माऊस बाजूला सारला.

"ह्याला येतच न्हाई," ते म्हणाले. "ह्याला मी कदी शिकवलंच न्हाई."

वर्षाचा दिवस तोंडावर आला होता. संध्याकाळी चंद्रप्पा न्यायला आला. पडद्याकडं बघून तो हळूच म्हणाला, "अप्पा, ऱ्हायल्याली अक्षरं कंप्यूटरातली जोडू. लोकांला काय कळतंय?"

महानंदाला वाटलं, अप्पा चिडतील. ते उठले, खांदा दाबत दाराशी गेले, चपला पायात घातल्या.

"जोड," ते म्हणाले.

वर्षाच्या दिवशी जंगमस्वामी आले, दगडाला विभूती लागली, पाहुण्यांनी हात जोडले. मनकर्णामावशी म्हणाल्या, "लय झ्याक काढलंय नाव. अजून हात हाय तुमाला." अप्पांनी मान हलवली.

पाहुणे जेवायला वळले तशी महानंदा दगडापाशी बसलेल्या अप्पांजवळ जाऊन बसली.

"त्या माऊसचे आकडे परत पयल्यासारखे केलेस का?" अप्पांनी विचारलं.

"केले, अप्पा. लग्नसराई हाय. मालक खोळंबले व्हते."

"बरं केलंस."

अप्पांनी बोट पुढं केलं. 'च'वरून, 'न्न'वरून थरथरत नेलं आणि 'ब'च्या अलीकडं थांबवलं.

"हितून पुढं," ते म्हणाले, "ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटायलीय."