फरिदाबींनी वाढीव वॉरंटी घेतली नाही

फरिदाबी मणियार मोटरसायकल चालवतात. स्कुटी नव्हे, गिअरची मोटरसायकल. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याविषयी बोलायला लागलं की समोरचा हमखास मध्येच थांबवून विचारतो, "स्वतः?" स्वतः नाही तर काय, पेटी चालवते?

पेटी असते मागच्या सीटवर. वेल्डिंग करून घेतलेली लोखंडी चौकट, चौकटीत पत्र्याची पेटी आणि पेटीत काचेच्या बांगड्या. लोहाऱ्याहून सकाळी निघायचं, आज जेवळी, उद्या माकणी, परवा सास्तूर, असं करत सव्वीस गावं. दारात जाऊन हॉर्न वाजवला की बायका ओसरीवर जमतात. फरिदाबी माप विचारत नाहीत. हात हातात घेतात, अंगठ्याचं हाड दाबून बघतात आणि बरोबर तीच बांगडी काढतात. लग्नघरी नवरीचा हिरवा चुडा भरायला त्यांनाच बोलावणं असतं. मी इथल्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या हातातल्या बांगड्याही गेली सतरा वर्षं त्यांच्याच.

पूर्वी गाडी त्यांचे मालक मुनवरभाई चालवायचे आणि या पेटी धरून मागं बसायच्या. बारा वर्षांपूर्वी मुनवरभाई वारले. नवऱ्यामागं घरात बसायची इद्दत संपली आणि तिसऱ्या दिवशी फरिदाबींनी गाडी बाहेर काढली. भावाला घेऊन ईदगाहमागच्या माळावर गेल्या, दोनदा पडल्या, आठवड्यात शिकल्या. मग जमातीतले दोन बुजुर्ग घरी आले. "बेटी, बरं दिसत न्हाय," म्हणाले. फरिदाबी म्हणाल्या, "बरं दिसायचं काम बांगड्यांचं हाय, चाचा. माझं काम त्या भरायचं." आमच्या आळीतली माणसंही काही कमी नव्हती. त्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पाठीमागं सगळं म्हटलं. बायका मात्र हॉर्नची वाट बघायच्या.

गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत माकणीच्या रस्त्यावर मुनवरभाईंच्या गाडीचं इंजिन बसलं. मिस्त्रीकडं दोन महिने पडून राहिली. तेवढ्यात गावोगावच्या बायकांनी बाजारातून तयार बांगड्या आणल्या. वर्षानुवर्षं ज्यांच्या पोरींना चुडा भरला, अशा घरांतून यंदा निरोपच आला नाही. गाडी उभी राहिली की धंदा उभा राहतो, आणि एकदा गेलेली ओसरी परत मिळेलच असं नाही. आणखी एक लग्नसराई अशी गेली तर पेटी कायमची माळ्यावर टाकावी लागेल, हे त्यांनीच मला सांगितलं.

म्हणून नवी गाडी घ्यायचं ठरलं, आणि कागद वाचायला मला सोबत नेलं. मी वॉरंटीवाली बाई. माझ्या घरी मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत प्रत्येक वस्तूचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं आहे. नळदुर्गला हायवेवरच्या शोरूमपर्यंत एसटीत मी त्यांना एकच गोष्ट बजावत होते, की काहीही झालं तरी वाढीव वॉरंटी घ्यायचीच. इंजिन बसलं तर कंपनी बघून घेईल. फरिदाबींना पटलं होतं.

शोरूममध्ये कृष्णराज नावाचा सेल्समन आला. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. त्यानं फरिदाबींकडं न बघता मला विचारलं, "ताई, गाडी कुणासाठी? मिस्टरांना?"

"यांना," मी म्हटलं.

"मावशींच्या मुलाला?"

"मावशींना," फरिदाबी म्हणाल्या आणि सरळ गाडीवर बसून किक मारून बघितली. कृष्णराज जरा बाजूला सरकला.

गाडी ठरली. मग वाढीव वॉरंटीचं प्रकरण निघालं. कृष्णराजनं चार पानांचा कागद पुढं केला. बारीक अक्षर, दोन्ही बाजूंनी. मी चष्मा लावला. फरिदाबींनी पानं मोजली आणि हसल्या.

"एवढ्यात काय लिवलंय?"

"कधी चालते, कधी न्हाय, ते मावशी."

"आमच्यात एकच गोष्ट असती. भरताना फुटली तर भरणाराची. हात माझ्या हातात हाय तवर बांगडी माझी. गिऱ्हाइकानं हात आखडला तरी माझी, रडली तरी माझी. बाई उठून गेली, की मग तिची."

हे खरं आहे. माझ्या लग्नात माझ्याच धसमुसळेपणानं पाच बांगड्या फुटल्या होत्या, आणि पाचही त्यांनी आपल्या खाती घेतल्या. कपाळाला आठी नव्हती. हा रिवाज आमच्याकडं कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. कृष्णराजच्या चार पानांत मात्र तिसऱ्या पानावर एक ओळ सापडली. वाहन व्यवसायासाठी वापरलं जात असेल तर ही वॉरंटी लागू नाही.

मी ती मोठ्यानं वाचली. कृष्णराजला काहीच वाटलं नाही. त्यानं अर्जातल्या एका चौकटीवर पेन टेकवलं. "हितं 'घरगुती वापर' वर खूण करा आणि हितं व्यवसाय 'गृहिणी' लिवा. झालं. दूधवाले, पेपरवाले, समदे असंच करतेत. कोण बघायला येतंय?"

मला हायसं वाटलं. पेन घेऊन मी लिहायलाच बसले होते. फरिदाबींनी माझा हात धरला. बांगडी भरताना धरतात तसाच, घट्ट.

"नगं लिवू, बाई."

"अहो, पाच वर्षांचा प्रश्न मिटतो. एक खूण तर करायची आहे."

"ती खूण समदेच करत आलेत. रेशन कार्डावर गृहिणी. बँकेत गृहिणी. बचत गटात अर्ज केला, तिथं साहेब म्हणाला, धंद्याचा पुरावा आणा. म्या हात दाखवले, काचा लागून लागून कसे झालेत बघा म्हटलं. हात पुरावा होत न्हाय म्हणाला. तीस वर्षं झाली. सव्वीस गावं मला वळखतेत, पण एका कागदावर न्हाय की फरिदाबी धंदा करती."

मी म्हटलं, "ते सगळं खरं, पण आत्ता राग काढायची ही जागा नाही. इंजिन बसलं तर?"

 त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "माझ्या पोरीला, अलिजाला, शाळेत घातली तवा अर्ज तुम्हीच भरला हुता, बाई. आईचा व्यवसाय, गृहिणी. त्याच दिवशी तुमच्याच टेबलाशी बसून म्या तुमच्या हातात डझनभर बांगड्या भरल्या हुत्या."

मला ते आठवेना. आठवेना हेच वाईट होतं. आईच्या रकान्यात मी दर जूनमध्ये डोळे झाकून तोच शब्द लिहीत आले आहे, दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला जाणाऱ्या बायांच्या नावापुढंही. कुणी मला अडवलं नाही, म्हणून मला ते बरोबर वाटत होतं. शोरूमच्या त्या थंडगार एसीत माझे कान तापले.

मी पेनचं टोपण लावलं.

"व्यवसाय, बांगड्या भरणं," फरिदाबी कृष्णराजला म्हणाल्या. "असं लिवा आणि वॉरंटी द्या."

"असं लिवलं तर मिळत न्हाय, मावशी."

"मग नगं. पण न्हाय मिळत, आन् का न्हाय मिळत, ते लिवून द्या."

कृष्णराज हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. फरिदाबी खुर्ची ओढून बसल्या तेव्हा तो मॅनेजरला बोलवायला गेला. मॅनेजर शिवलिंगप्पा आले, पोक्त आणि घाईतले. "अम्मा, आमी असं लेटर देत नसतो. कुणीच मागत नाही."

"आज म्या मागितलं न्हवं का?"

"तोंडी सांगितलंय की."

आता माझ्यानं राहवेना. चाळीस पोरांना गप्प करणारा आवाज मी बाहेर काढला. म्हटलं, "नियम तुमच्या कागदावर छापलेला आहे, तो लावायला लाज वाटत नाही, मग लिहून द्यायला कसली वाटते? का तुम्हालाही आम्ही खोटं लिहिलेलंच हवंय?" गाड्या बघायला आलेली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. शिवलिंगप्पा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले.

पहिला कागद छापून आला. मी वाचला. 'वाहनाचा वापर घरगुती नसल्याने वाढीव वॉरंटी देता येत नाही.' खाली सही-शिक्का.

फरिदाबींनी मान हलवली. "काय न्हाय ते लिवलंय. काय हाय ते लिवा."

शिवलिंगप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मुकाट्यानं पुन्हा टाइप केलं. या वेळी मध्ये थांबून त्यांनी विचारलं, "किती वर्षं करताय, अम्मा?" फरिदाबींनी तीस सांगितलं. तेही त्यांनी लिहिलं.

बाहेर हायवेवर ट्रक धडधडत होते. गाडी दोन दिवसांनी मिळणार होती. फरिदाबींनी कागद उन्हात धरला, शिक्का बघितला आणि माझ्या हातात दिला. त्यांना अक्षरं लावून वाचता येतं, पण त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. "श्रीमती फरिदाबी मुनवर मणियार, राहणार लोहारा, या गेली तीस वर्षे बांगड्यांचा व्यवसाय करीत असून सदर वाहन त्या व्यवसायासाठी वापरणार आहेत. सबब त्यांना वाढीव वॉरंटी देता येत नाही."

"परत."

मी परत वाचलं, 'श्रीमती'पासून. ट्रकच्या आवाजावरून जाईल इतक्या मोठ्यानं.

फरिदाबींनी पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि कागद घडी न घालता छातीशी धरला. "इंजिन बसलं तर बसू द्या, बाई. म्या करीन दुरुस्त," त्या म्हणाल्या. "न्हाय म्हणायला का हुईना, लिवलं तर खरं."