कापडाच्या छपराखाली आत्या

ओटी भरून घेतल्यावर घरी येऊन पदर कितीही झटकला, तरी दुसऱ्या दिवशी निऱ्यांतून तांदळाचा एखादा दाणा पडतोच. आमच्या लातूरच्या अंगणातल्या त्या वर्षाच्या गोष्टींचं तसंच आहे. सांगून संपल्या असं मी म्हणते आणि भाजी निवडता निवडता आणखी एखादी खाली पडते. मग समोर कुणी असलं तर ऐकतं, नसलं तर मीच ऐकते.

तर आधी गाडीचं सांगते. माझ्या सासऱ्यांनी नांदेडच्या एका जहागीरदाराकडून जुनी विलायती गाडी घेतली होती. तिचं छप्पर कापडाचं. लोखंडी कमानींवर ताणलेलं, हवं तेव्हा मागे दुमडून ठेवायचं. लग्नसराईत ती उघडी गाडी झेंडूनं सजायची आणि नवरदेवाचा परण्या, म्हणजे मिरवणूक, तिच्यातून निघायचा. सासरे गेले, लोक जीपमधून मिरवायला लागले, आणि गाडी लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच.

भूकंपात किल्लारीकडच्या एका खेड्यात आत्यांची थोरली बहीण गेली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. आमच्या घराच्या भिंतीला नुसती एक चीर पडली होती, पण आत्यांनी अंथरूण उचललं आणि अंगणात आल्या. आधी तर सगळी गल्लीच बाहेर झोपायची. हळूहळू एकेक घर आत गेलं. आत्या गेल्या नाहीत. थंडी वाढली तशा त्या गाडीत शिरल्या आणि मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन निजायला लागल्या.

आमचे हे शाळेत सुतारकाम शिकवायचे. त्यांनी परोपरीनं समजावलं, "आई, घर पक्कं आहे. इंजिनिअर बघून गेलाय."

आत्या म्हणाल्या, "इंजिनेर त्याच्या घरी निजतो. ह्या छपराचं बघ, पडलं तर काय होतंय? अंगावर पांघरूण पडल्यावानी."



*

पण ते पांघरूणही फाटलेलं होतं. मागची प्लॅस्टिकची काच पिवळी पडून तडकली होती आणि शिवणीतून आभाळ दिसायचं. पावसाळ्याच्या आत छप्पर बदलायचं ठरलं. सोलापूरला असं काम करणारा एक कारागीर होता म्हणे. आत्यांनी विचारलं, "गाडी तिकडं नेली तर मी निजू कुठं?"

म्हणून काम घरीच करायचं ठरलं. ह्यांनी एका रविवारी जुन्या कापडाचे खिळे एकेक करून काढले. फार हळुवार. जुनं कापड नव्या कापडावर अंथरायचं आणि त्याबरहुकूम कापायचं, असा बेत होता. कापड घडी करून ओट्यावर ठेवलं आणि हे आंघोळीला गेले.

तेवढ्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात आली.

हे बाहेर येऊन बघतात तर ओटा रिकामा. "आई, छप्पर कुठाय?"

आत्यांनी स्टीलचं पातेलं वर धरलं. "हे काय. झाकणासकट दिलं तिनं. फाटकं होतं तरी लई घासाघीस करावी लागली न्हाई."

त्या पातेल्यात आम्ही अजून भात शिजवतो.

*

आता माप नव्यानं घेणं आलं. गंजगोलाईच्या बाजारात गाद्या आणि रिक्षाचे टप शिवणारे मुनीरभाई ह्यांचे जुने स्नेही. ते टेप गळ्यात घालून आले. आत्या गाडीत बसून वाती वळत होत्या.

"अम्मा, जरा उतरो ना. नाप लेना है."

"माझ्यासकट घे."

मुनीरभाईंनी आत्यांसकट माप घेतलं. वरच्या कमानी आत्यांच्या डोक्याला लागू नयेत म्हणून ते त्या हातभर वर उचलून धरायचे आणि टेप लावायचे. तसंच कापड कापलं, तसंच शिवलं. बसवून बघितलं तर मधोमध इतका झोळ, की लिंबाची पानं पडून तिथं साठायला लागली. एक चिमणी येऊन हौसेनं काड्या ठेवून गेली.

आमच्याकडं तेव्हा वरच्या खोल्यांत मुली राहायच्या. लातूरला शिकलं की डॉक्टर होतं, असं सगळीकडं झालं होतं. धर्माबाद, मुदखेड, कुठून कुठून आईबाप पोरींना ट्रंकेसकट आणून सोडायचे. धर्माबादची रेणुका त्यातली सगळ्यांत अभ्यासू. फिजिक्सचं पुस्तक उशाला घेऊन झोपायची. ह्यांनी तिला बोलावलं, कमानी दाखवल्या आणि विचारलं, "हा झोळ घालवायला कापड किती कमी करावं, सांग बरं."

रेणुकानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या. कमानींकडं बघितलं, झोळाकडं बघितलं.

"काका," ती म्हणाली, "हे सिलॅबसमध्ये नाहीये."

*

माझं म्हणाल तर माझा भरवसा वेगळा होता. मी सोमवार धरले होते. आत्या घरात येऊन निजेपर्यंत सोमवारी मीठ खायचं नाही, असं मी सिद्धेश्वराच्या देवळात मनाशी बोलले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, पण अळणी भाजी किती दिवस लपणार?

आत्यांनी मला गाडीच्या दाराशी बोलावलं. "माझ्यापायी उपास धरलास?"

"उपास नाही आत्या, नुसतं मीठ."

"मग माझंबी ऐक. तू मीठ खाईपर्यंत मी उंबरा वलांडणार न्हाई. मीबी सिद्धेश्वरालाच बोलले हाय."

हे ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "झालं. आता देवानं बाहेर अंथरूण टाकावं."

पुजारीबाबांना विचारलं. त्यांनी आधी पिंडीवर बेल वाहिला. मग म्हणाले, "दोघींनी एकाच ताटात जेवा, मीठ त्या ताटात वाढा. कुणी किती खाल्लं, ते देव बघणार नाही." तेव्हापासून सोमवारी मी ताट घेऊन गाडीत जायची. मागच्या सीटवर आम्ही सासूसुना मांडीला मांडी लावून जेवायचो. लिंबाची सावली आमच्या ताटात हलायची. लग्न होऊन आल्यापासून आत्यांच्या ताटात मी कधी जेवले नव्हते.

*

झोळ काढून कापड पुन्हा शिवलं, तेव्हा आत अस्तर हवं असं ठरलं. उन्हाचा तडाखा आत्यांना लागायला नको. अस्तर शिवायला शेजारच्या कौसाबाई पुढं आल्या. त्यांच्या हातच्या गोधड्या लेकीबाळींसोबत पार उदगीरपर्यंत गेलेल्या. जुन्या पातळांचे थर लावून त्यांनी बारीक धावदोऱ्यानं अस्तर घातलं आणि ते आधी कमानींवर चढवलं. आत निजलं की वर हिरवं, जांभळं, कुंकवाचं आभाळ. रेणुका अभ्यासाला तिथंच जाऊन बसायला लागली. आत्या तिचं पुस्तक धरायच्या आणि ती पाठ म्हणायची. आत्यांना अक्षर येत नव्हतं, पण ती अडखळली की त्या बरोबर म्हणायच्या, "परत म्हण. आवाज बदलला तुझा."

चारसहा दिवसांत अस्तराच्या कोपऱ्यातून मुंग्यांची रांग लागली. मग लिंबावरची खार उतरली आणि तिनं एक कोपरा कुरतडून काढला. मुनीरभाईंनी शिवण उसवली. आत भाकरीचा वाळका तुकडा. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच. चारही कोपऱ्यांत.

मुनीरभाई तुकडे तळहातावर घेऊन बघत राहिले. "कौसाबाई, तुम लोगां छत को खाना खिलाते क्या?"

"गोधडी उपाशी ठेवू न्हाई, भाऊ," कौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "उपाशी गोधडीत झोप लागत न्हाई. कोपऱ्यात घास ठिवावाच लागतो."

मुनीरभाईंनी थोडा विचार केला. मग खिशातून खारकेची पुडी काढली, चार बिया वेगळ्या केल्या आणि एकेका कोपऱ्यात एकेक बी ठेवून शिवण घातली.

"भूका नको रखो," ते म्हणाले, "पण चावता येईना असं रखो."

*

शेवटी वरचं कॅनव्हास ताणायचा दिवस आला. मुनीरभाई म्हणाले, कापड उन्हात तापलं की सैल होतं, तेव्हाच ओढून खिळे मारायचे. मग संध्याकाळी थंड होताना ते आपोआप ताणून बसतं. म्हणजे ऐन दुपारची वेळ, आणि ओढायला हात बरेच पाहिजेत. वरच्या मुली क्लासच्या मधल्या सुट्टीत जेवायला आल्या होत्या. सगळ्या दप्तरं टाकून खाली उतरल्या.

चारी बाजूंनी त्यांनी कापड धरून वर उचललं. अलीकडच्यांना पलीकडच्या दिसेनात. वारा आला आणि कापड फुगलं. तो पांढरा पडदा मध्ये, दोन्हीकडं पोरी, आणि कापडाच्या खाली गाडीत आत्या. कुणीतरी हळूच मंगलाष्टक धरलं. ह्यांनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले आणि म्हणाले, "थांबा गं, खिळे मारायचेत." पण तेही ऐकत उभे राहिले.

मंगलाष्टक संपलं तरी कुणी कापड सोडेना. मग खालून आत्यांचा आवाज आला.

"आता सावधान म्हणा की कुणीतरी. नवरी घामेजली."

त्या दिवशी क्लासचा दुसरा तास सगळ्यांचा बुडाला. तिकडच्या सरांनी विचारलं, तर रेणुकानं सांगितलं, "लग्न होतं."

*

शिवणींवर मुनीरभाईंनी मेण घासलं. ह्यांनी पुढची कडी दाबून बसवली, टक् असा आवाज आला, आणि छप्पर ढोलकीसारखं ताठ झालं. मी कळशीनं वरून पाणी ओतलं. आत्या आत बसून वर बघत होत्या. थेंब आला नाही. त्यांनी हात वर करून अस्तर चाचपलं आणि मान हलवली.

सगळे खूष झाले. कौसाबाईंनी गूळ वाटला. मी मात्र गुळाचा खडा पदराला बांधून ठेवला. जोवर छप्पर फाटकं होतं, तोवर मला आशा होती, की एखाद्या पावसात त्या भिजतील आणि आत येतील. आता आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना इतकं चांगलं छप्पर करून दिलं होतं, की त्यांनी घरात यावंच कशाला? ह्यांनाही तेच वाटलं असावं. संध्याकाळी चुलीपाशी येऊन म्हणाले, "आपण जरा जास्तच चांगलं केलं का गं?"

"देव बघेल," मी म्हटलं.

त्या रात्री पाऊस झाला. आत्यांनी काच वर केली आणि आतूनच आम्हाला हातानं सांगितलं, जा, निजा.

पहाटे आंघोळ करून मी पूजेला बसले, तर देव्हारा रिकामा. बाळकृष्ण नाही, अन्नपूर्णा नाही, तुळजाभवानीचा टाक नाही, सिद्धेश्वराची तसबीर नाही. नुसत्या काल वाहिलेल्या फुलांचे गोल उरलेले. ह्यांना उठवायला धावले, तर मधल्या खोलीच्या दारातच थबकले.

आत्या त्यांच्या जुन्या बाजेवर झोपल्या होत्या. वर स्लॅब, शेजारी ती चीर पडलेली भिंत. तोंड किंचित उघडं, घोरणं एका लयीत चाललेलं. हे माझ्या मागं येऊन उभे राहिले. दोघांनाही हलायची भीती वाटत होती.

मग मी अंगणात गेले. छपरावरून पाणी निथळत होतं. गाडीचं दार उघडलं. मागच्या सीटवर आत्यांच्या अंथरुणात सगळे देव ओळीनं निजवलेले, बाळकृष्ण मध्ये, आणि सगळ्यांवर मिळून एकच गोधडी गळ्यापर्यंत. ह्यांचं पेपराआडचं बोलणं आत्यांनी खरं केलं होतं, देव बाहेर आणि त्या आत.

आत्या उठल्यावर मी विचारलं, "आत्या, हे काय केलंत?"

त्या केस बांधत म्हणाल्या, "हळू बोल. आत्ताशी डोळा लागलाय त्यांचा."