मोठ्या मापाची गोधडी

वर्ध्याच्या दवाखान्यात माझे वडील भरती होते, तेव्हा व्हरांड्यात ती बाई रोज दिसायची. मांडीवर जुन्या लुगड्यांची गोधडी आणि दातात धागा. आत काचेच्या पेटीत तिची नात होती, दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. डॉक्टर खात्रीनं काहीच सांगत नव्हते.

आमच्या घरात कॉलेज शिकलेली पहिली मीच, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सुई धरता येत नाही, हेही मी तिला सरळ सांगून टाकलं.

"कॉलेजात काय शिकली मंग?" ती हसली. "बस इथं. सोपं हाय. चौकोन जोडाचे, अन् काठापासून आत आत धावदोरा घालत याचं. वाकडा गेला तं जाऊ दे. थंडी काई टाके पाहात नाई."

मी एक ओळ घातली. वाकडीच गेली. तिनं ती उसवली नाही.

गोधडी पसरली तेव्हा आम्हा दोघींचे पाय झाकले गेले. मी म्हटलं, "मावशी, तळहाताएवढ्या लेकराला एवढी मोठी काऊन?"

"काऊन म्हंजे? शाळेत जाईन तवा आखूड पडन नं! लहान शिवली तं पोरगी म्हनन, आजीनं भरोसाच नाई ठेवला."

एका दुपारी नर्स दारात आली. "आजी, बाळाला पेटीतून काढलं. हात धुऊन या."

ती उठली, गोधडी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "मधला चौकोन राह्यला, तू घालजो. मले आता हात रिकामे पाह्यजेत."