पहिल्या टोपातला गूळ

नव्या ब्रिक्समीटरचा आकडा दुसऱ्यांदाही जास्त आला. गाडी दारात सुरू होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

ब्रिक्समीटर म्हणजे गोडी मोजायचं हातात मावणारं यंत्र; आमच्याकडे ते त्याच दिवशी आलं होतं. काचेवर थेंब टाकायचा, आत डोकवायचं. पेणजवळच्या आमच्या स्टार्टअपमध्ये बाळांसाठी रोज ताजं जेवण बनतं. लाल भोपळा, मूगडाळ, नाचणी. वजनाची तक्रार लहानपणीच सुरू होऊ नये म्हणून त्यात साखर, गूळ, मीठ काही नाही. प्रत्येक कपावर तसं छापलेलं असतं. क्वालिटी माझ्याकडे, त्यामुळे बॅच माझ्या सहीने बाहेर पडते.

रोह्याच्या एका पाळणाघरात आमची ट्रायल चालू होती आणि तो तिचा शेवटचा दिवस होता. ऑर्डर मिळाली नसती तर स्वयंपाकघर चालवणं कठीण होतं.

काचेवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकला. आकडा शून्य. म्हणजे यंत्र ठीक होतं. एखादा भोपळा मुळातच गोड निघतो, म्हणून दुसरा टोप तपासला. त्याच भोपळ्याच्या फोडी, तीच डाळ. गोडी बरीच कमी.

पहिला टोप सुनंदाकाकूंचा. त्या स्वयंपाकाला खाडीकडच्या गावातून येतात. त्यांच्या टोपातले कप सहा महिन्यांच्या बाळांच्या ट्रेमध्ये जातात, दुसऱ्या टोपातले मोठ्यांच्या.

"काकू, यात काय घातलंत?"

"भोपळा, डाळ. तू सांगितलंस तेच."

"अजून?"

"गुळाचा खडा. बारकासा."

"आजच?"

"रोज घालते. सा म्हयन्यांची पोरं ती. रोज कोणाचं ना कोणाचं उष्टावण असणार. पयला घास अळणी देतात काय गो?"

त्यांनी काही लपवलं नव्हतं. गूळ घरून डब्यात आणत होत्या.

मालक मंदार धावत आला. "दुसऱ्या टोपातले कप भर. गाडी सोड."

"आणि पाळणाघराला?"

"काय सांगणार? आज गूळ नाहीये ना?"

"आजवर गेला तो?"

"आज ऑर्डरवर सही होणार आहे. उद्या सांगू."

"मग आजच्या कपांवर सही तू कर."

तो स्वतःच दुसऱ्या टोपातले कप भरायला लागला. सुनंदाकाकू टोप रिकामा करत होत्या. "माझी नोकरी गेली काय?" त्यांनी विचारलं.

ते कप घेऊन मी गाडीतून निघाले. नागोठण्यापर्यंत मंदारचे तीन फोन आले. तिसऱ्यात तो म्हणाला, "सांग. पण नीट सांग." नीट म्हणजे कसं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पाळणाघर सलमा मॅडम चालवतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांभाळणाऱ्या बाईंना हाक मारली.

"ऐकलंस? गूळ होता त्यात."

"तरीच! बारकी पोरं कप चाटूनपुसून खातात. मोठी तोंड फिरवतात."

मॅडमनी विचारलं, "हे तुम्ही स्वतः सांगायला आलात?"

"व्हय," मी म्हटलं. रोह्यात तोंडातून तिथलीच बोली आली.

"मुलांच्या आयांना मी आज सांगते. बारक्यांचा ट्रे बंद. मोठ्यांचा चालू ठेवा."

म्हणजे जो ट्रे संपत होता तो बंद झाला. जो उरत होता त्याची ऑर्डर मिळाली.

मंदारला काकूंना काढायचं होतं. दोन दिवस वाद झाला. अखेर काकू राहिल्या, घरचा डबा मात्र स्वयंपाकघराबाहेर ठेवायचा ठरलं. कृतीच्या तक्त्यात काय घालायचं याखाली आता काय घालायचं नाही हेही लिहिलेलं आहे. शिवाय पहिला टोप रोज आधी तपासला जातो.

पुढच्या महिन्यात मॅडमनी बारक्यांसाठी बिनगुळाचे नमुने मागवले. ते देऊन मी परत आले तेव्हा काकू गॅसपाशी उभ्या होत्या.

"खाल्लं काय गो पोरांनी?"

"अर्धं."

"अर्धं," त्या म्हणाल्या, आणि भोपळा चिरायला बसल्या.

लेबल खरं झालं होतं. खपाचं अजून काही सांगता येत नाही.