साध्या काचेची बाटली

प्रयोगशाळेत त्यांना सगळे सावलीमामा म्हणत. बाटल्या उन्हात टांगायच्या आणि स्वतः मात्र खडकाच्या आडोशाला बसायचं, ही त्यांची रीत. त्यावरून रोज थट्टा व्हायची आणि मामा ती खालमानेनं ऐकून घ्यायचे.

काम तसं साधं होतं. महिन्यातून एकदा डोंगरावरच्या तळ्यावर चढायचं. तळ्याचंच पाणी दोन बाटल्यांत भरायचं आणि त्या दोरीनं वीतभर खोल सोडायच्या. एक बाटली क्वार्ट्झची. सूर्याचे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण तिच्यातून सरळ आत जात. दुसरीला काळ्या कापडाची खोळ. संध्याकाळी त्या खाली आणल्या, की त्यातला थेंब थेंब खुराक घातलेल्या बशीवर पसरायचा. जिवंत जीवाणू असले तर तीन-चार दिवसांत बशीवर ठिपके उगवत. उंचावर हवा विरळ, पाणी नितळ, त्यामुळे ते किरण तिथे फार मारक. खोळीतल्या पाण्याचे ठिपके दाटीवाटीनं यायचे आणि क्वार्ट्झच्या बाटलीतलं पाणी मुकं राहायचं.

बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, नव्या माणसाला मामांची ओळख एकाच वाक्यात करून देत: इतक्या वर्षांत यांच्या हातून एकही बाटली फुटलेली नाही.

ती सहा वर्षांपूर्वी फुटली. खडकावर पाय घसरला आणि क्वार्ट्झचे तुकडे झाले. झोळीत पिण्याच्या पाण्यासाठी नेलेली तशीच दिसणारी, पण साध्या काचेची बाटली होती. मामांनी तीच टांगली. एका दिवसाचा तर प्रश्न, उद्या सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण चौथ्या दिवशी त्या बाटलीच्या बशीवर गुलाबी ठिपके उगवले आणि बाई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. तळ्यातल्या जीवाणूंनी ऊन पचवायला शिकून घेतलंय, असं त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या. मामांनी सांगायचं पुढे ढकललं. पुढच्या महिन्यात तीच बाटली, त्याच्या पुढच्या महिन्यातही तीच. साधी काच त्या किरणांतला सगळ्यात जहाल भाग बाहेरच अडवते, हे मामांना पाठ होतं.

आता बाई मोठ्या परिषदेत हेच मांडणार होत्या. घरी बायकोला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "अहो, बाईंना सांगा एकदा. रोज झोपेत मलाच सांगताय. मी काय करू त्या जीवाणूंचं?"

कोठारात क्वार्ट्झच्या नव्या बाटल्या आल्या होत्या. त्यातली एक घेऊन मामा वर गेले. कोण जाणे, जीवाणू खरंच शिकले असतील, तर तोंड उघडायची वेळच येणार नाही.

दुपारी वारा पडला. तळ्यावर पाखरू नव्हतं, काठाच्या दगडांवर शेवाळाची रेघसुद्धा नव्हती. पाणी इतकं नितळ, की बाटली पाण्यात नव्हे, हवेत अधांतरी लटकल्यासारखी वाटत होती. खाली तळावर मामांची सावली पडली होती, हातापायांसकट, अगदी रेखीव. दोरी घट्ट करून त्यांनी हात मागे घेतला. सावलीचा हात क्षणभर तिथेच राहिला, बाटलीवर ठेवल्यासारखा. पाणी हललं असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. ऊन गार होतं, चटकासुद्धा बसत नव्हता. पण त्या बाटलीत काहीतरी चाललं होतं, आवाज न करता, भर उजेडात. मामांनी झोळीतली जादा खोळ काढली आणि आपल्या उजव्या हातावर चढवली. संध्याकाळपर्यंत ती काढली नाही.

चौथ्या दिवशी खोळीतल्या पाण्याची बशी ठिपक्यांनी भरली होती. दुसरी कोरी. कोऱ्या बशा मामांनी हजारो धुतल्या होत्या, त्यांची भीती कधी वाटली नव्हती. पण ही वेगळी होती. हिच्यावर त्यांनी स्वतः पाणी पसरलं होतं. त्या पाण्यात कुणीतरी होतं आणि आता नव्हतं.

त्यांनी दोन्ही बशा आणि साध्या काचेची बाटली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यांची नजर बाटलीवरच होती.

बाईंनी कोरी बशी खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. मग अगदी हळू विचारलं, "किती वर्षं?"

"सहा."

"आणि तुम्ही दर महिन्याला ते ठिपके माझ्याबरोबर मोजत होतात."

"हो."

बाई रागावल्या नाहीत, तेच मामांना जड गेलं. त्यांनी परिषदेला दोन ओळी लिहून आपलं भाषण मागे घेतलं. मग ती बाटली मामांपुढे सरकवली आणि चिठ्ठी चिकटवायला सांगितली. मामांनी लिहिलं, 'साधी काच'.

"पुढच्या महिन्यापासून हीसुद्धा टांगायची," बाई म्हणाल्या. "तीन बाटल्या. मी बरोबर येईन."

नव्या माणसांना ते ओळखीचं वाक्य बाईंनी पुन्हा कधी सांगितलं नाही.

मामा अजून तिथेच बशा धुतात. धुण्याची जागा खिडकीपाशी आहे. दुपारी तावदानातून ऊन येऊन त्यांच्या मनगटावर पडतं. मधे काच आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. तरीही ते हात बाजूला घेतात, आणि उन्हाच्या त्या तुकड्यात सावली मागे राहिली नाही ना, हे वळून पाहतात.